पुस्तकांना वारा दाखवायचा दिवस

बाई, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी गोड बोलायला लागले तर तुम्ही फसणार नाही. तशा तुम्ही कधी फसला नाहीतच. जिल्ह्यातली निम्मी गावं माझं भाषण ऐकायला जमतात, लोक उभं राहून ऐकतात, आणि तुम्ही हयात असताना एकदाही आला नाहीत. निरोप धाडले, गाडी पाठवते म्हणाले. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, "वाचून झालं की येते." काय वाचत होतात एवढं, की माझ्यासाठी एक संध्याकाळ निघू नये?

पण आजचा राग वेगळा आहे. गेल्या आठवड्यात आपल्या गावात, शाळेत शिकवून तुम्ही सांभाळलेल्या वाचनालयाच्या नव्या हॉलचं उद्घाटन झालं आणि प्रमुख वक्ता म्हणून मला बोलावलं होतं. गाडीतून उतरले तेव्हा शाळेमागच्या कडुलिंबाची पानं गळत होती, बांधावरच्या चिंचेखाली दोन बाया आकडीने चिंचा पाडत होत्या, ज्वारी काढून झालेल्या रानातून कडब्याचा वास येत होता. मन एकदम हलकं झालं. म्हटलं, बरोबर आपल्या दिवसांत आलो. मग हॉलमध्ये गेले.

आपले दिवस म्हणजे कोणते, हे आता गावातल्या लोकांनाही सांगावं लागतं. थंडीतला दमटपणा गेलेला आणि उन्हाला अजून धार आलेली नाही, असे फाल्गुनातले दहा-बारा दिवस. त्यातल्या एका रविवारी चर्चची प्रार्थना आटोपून तुम्ही यायचात आणि वाचनालयाची दोन्ही लाकडी कपाटं रिकामी व्हायची. कडुलिंबाच्या सावलीत पोती अंथरलेली, त्यावर गावाची सगळी पुस्तकं उघडी, पालथी, उभी. मी एकदा शहाणपणा करून वीसेक पुस्तकं भर उन्हात मांडली तर तुम्ही धावत आलात. "ऊन नाही गं, वारा दाखवायचा! ऊन कागदाला खातं." आम्ही पोरी गाभुळलेल्या चिंचा मिठाला लावून खायचो, कुणी उशिराच्या हरभऱ्याचा टहाळ आणलेला असायचा. चिंचोके मात्र फेकायचे नाहीत, तुमच्या डब्यात टाकायचे. ते भाजून, सोलून, दळून तुम्ही त्यांची खळ शिजवायचात, किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालायचात आणि सुटलेल्या पाठी त्या खळीने चिकटवायचात. आम्ही खाल्लेल्या चिंचांवर गावाची पुस्तकं उभी होती. हात ओल्या फडक्याला पुसायचे आणि पानं उलटत बसायचं. उलटता उलटता जे उघडेल ते वाचायचं. विहिरी कशा खणतात याचं पुस्तक, कुठल्याशा बेटावरचा प्रवास, एका डॉक्टरने बहिणीला लिहिलेली पत्रं. अभ्यास नाही, टिपणं नाही. आणि तुमचा एकच नियम, आज वाचलेलं कुणाला सांगायचं नाही. जगात कुठल्या शिक्षकाने असा नियम केला असेल?

आठवीत असताना मी तो मोडला. त्या रविवारी माझ्या हातात मधमाश्यांचं एक पुस्तक आलं होतं. जुनी राणी भरलेलं पोळं मुलीसाठी मागे ठेवून निघून जाते, एवढंच पान वाचलं आणि अंगावर काटा आला. पंधरा दिवसांनी पारनेरला वक्तृत्व स्पर्धा होती. मी ती राणी उचलली आणि थेट माहेर सोडणाऱ्या बायकांपर्यंत नेऊन भिडवली. परीक्षक रडले. पहिला नंबर. ढाल घेऊन मी पळत वाचनालयात आले. तुम्ही पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होतात. मान वर न करता विचारलंत, "मग त्या माश्यांचं पुढं काय झालं?" मला माहीत नव्हतं. मी पुढचं पान उलटलंच नव्हतं. आणि तुम्ही सगळ्या वर्गमैत्रिणींसमोर म्हणालात, "तुला पुस्तकं लागत नाहीत गं. तुला दगड लागतात. फेकायला."

तेरा वर्षांची होते मी, बाई! ते तुम्ही मला एकटीला बोलावून सांगू शकला असतात. त्यानंतर मी हजारांवर पुस्तकं वाचली, आणि प्रत्येक पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचलं. हे वाक्य हुंड्यावरच्या भाषणाला, हे पाण्याच्या, हे एखाद्या पुढाऱ्याच्या टाळक्यात. दगड म्हणालात ना, मग घ्या. त्या दगडांनी दारूची दोन दुकानं बंद पडली आहेत, एका शाळेला शिक्षक मिळाला आहे. तुमच्या गुपचूप वाचण्याने काय बंद पडलं?

तर, हॉल. बांधून दोन पावसाळे झालेले, उद्घाटन तेवढं आत्ता. भिंतींना ताजा रंग, आणि काचेची, कुलूपबंद, चकचकीत लोखंडी कपाटं. आपली सगळी पुस्तकं आत होती. काचेला नाक लावून पाहिलं तर पाठी फुगलेल्या, फळीवर पिठासारखा बारीक भुगा, आणि एका पानाआडून कागद खाणारी कसर सरकन पळाली. कपाटामागच्या भिंतीला ओल होती. एक पावसाळा अजून गेला असता तर आत लगदा उरला असता. मी सरपंचांना विचारलं, ही शेवटची कधी बाहेर काढली होती? ते म्हणाले, "ताई, हाताळली की फाटत्यात. आता काचंतनं समद्यांला दिसत्यात की. तपासणीला साहेब आलं तरी एक पुस्तक कमी न्हाई."

मग मी माईक घेतला. काय बोलले ते सगळं आठवत नाही. पुस्तकांना उदबत्ती ओवाळता आणि श्वास घेऊ देत नाही, असं काहीतरी म्हणाले. हे वाचनालय नाही, शवागार आहे, असंही म्हणाले. तुमचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या सरपंचच वाजवत होते! माझा राग त्यांना आवडला. माझा राग सगळ्यांनाच आवडतो, बाई, लोक राग ऐकायलाच तर मला बोलावतात. सरपंचांनी भर सभेत किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घ्या ताई. उद्या सकाळी आठला तुमच्याच हातानं उघडा. समदं गाव येतंय." पुन्हा टाळ्या.

त्या संध्याकाळी श्रीगोंद्याला माझा कार्यक्रम होता. विषय वाचनच. तिथल्या लोकांनी सकाळी कॉलेजात आणखी एक भाषण ठेवलं, मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजला. शिवणकाम करणारी भाभी, तुमच्याकडून दर आठवड्याला पुस्तक नेणारी, ती. "ताई, आमी पोती टाकून बसलोय. बाया चिंचा घिऊन आल्यात. किल्ली तुमच्यापाशी हाय न्हवं? तुमी कुठवर आल्या?" मी म्हणाले, निघालेच. मी स्टेजच्या पायऱ्या चढत होते. साडेदहाला पुन्हा फोन आला. अकराला आला. मी उचलला नाही.

पोहोचले तेव्हा चार वाजले होते. कडुलिंबाच्या बुंध्याला काचेची दारं टेकवून उभी केली होती, कड्यांत कुलपं तशीच लटकत होती. भाभीने शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने बिजागऱ्या खोलल्या होत्या. सावलीत पुस्तकंच पुस्तकं. बाया पानं उलटत होत्या, एकीच्या मांडीवर पोर झोपलं होतं. सरपंच उकिडवे बसून विहिरींच्या पुस्तकात इतके बुडाले होते की मी आल्याचं त्यांना कळलं नाही. चुलीवर खळ शिजत होती. मी घसा साफ केला. भाभीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणाली, "ताई, बोलायचं मागनं. वारा सुटलाय, त्यं टोक धरा." मी पोत्याचं टोक धरलं. पाऊण तास धरून बसले.

कुणी मला एका शब्दाने टाकून बोललं नाही. त्याचाच मला भयंकर राग आला. माझ्यावाचून कपाटं कशी उघडली यांनी? पुस्तकं वाचली याचा आनंद नंतर झाला, बराच नंतर, परतीच्या वाटेवर, आणि तोही पुरता झाला नाही, कारण तोवर मी डोक्यात वाक्यं जुळवायला लागले होते.

हे पत्र पाठवायला तुम्ही नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला ते दाखवायची सोय मी ठेवलेली नाही. परवा अकोल्याच्या एका शाळेत मी हा प्रसंग सांगितला. पोरं हरखून ऐकत होती. त्यात मी सकाळी आठला पोहोचते, आणि कुलूप माझ्याच हातातल्या किल्लीने उघडतं.