शुक्रवारी चाललेली आवृत्ती

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठते. नारपोलीत कापड विणायच्या लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत तुम्ही कॉम्प्युटरचा क्लास काढलात, मराठी शाळांना फुकट देता येईल अशी, कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स सिस्टिमची सीडी आमच्याकडून तयार करून घेतलीत, हे सगळं खरं आहे. पण त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही, आणि मला नेमकं तेच आठवतं.

नियम तुमचाच होता. सीडीत कशाची कुठली आवृत्ती जाणार हे एकदा ठरलं की फ्रीझ, मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. चित्रं काढायचा एक साधा प्रोग्राम नवा घालू का, एवढं विचारलं म्हणून तुम्ही मला झापलं होतं. आणि जवळच्या एका शाळेत सीडी लावायची वेळ आली तेव्हा तुम्हीच अख्ख्या सिस्टिमची नवी आवृत्ती घेऊन येता आणि पडद्यावर ‘विद्यार्थी’ टाइप करून दाखवता. जुन्या आवृत्तीत तो शब्द मोडून पडायचा, वेलांटी भलतीकडे जायची. नव्या आवृत्तीत तो पुस्तकात छापल्यासारखा दिसत होता. तुमचा चेहरा इतका फुलला होता की कुणाची तोंड उघडायची छाती होईना. मी उघडलं. म्हटलं, सर, हे आपण फक्त आज, शुक्रवारी चालवून बघितलंय.

तपासणी माझ्याकडे होती आणि ती शुक्रवारीच व्हायची, कारण आपल्यातले निम्मे जण लूमवर ड्युटी करणारे आणि लूम बंद शुक्रवारी. त्या दिवशी लाईट कशी शहाण्यासारखी वागते! बाकीच्या दिवशी खालचे लूम एकदम सुरू झाले की वर दिवे मंद होत आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडत. जुनी आवृत्ती तो मार खाऊन पुन्हा उभी राहायची, हे आपण रोज बघत होतो. नवी आवृत्ती काम डिस्कवर उतरवायला उशीर करते, मध्येच लाईट गेली तर फायली फुटतात, असं मी वाचलं होतं. “एकच शनिवार चालवून बघू,” मी म्हणाले. “सर, सही बोल रही है वो,” लूम दुरुस्त करणारा आपला एक जण म्हणाला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही. “तू लय घाबरट हायस,” तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात. “आपल्या पोरांनी मोडकं मराठी वाचायचं का? काय न्हाय होत.”

मग व्हायचं तेच झालं. शाळेच्या दोन्ही बाजूंना लूम. काही आठवड्यांत निम्मे कॉम्प्युटर सुरू होईनात आणि मुलांनी टाइप केलेले विज्ञानाचे प्रकल्प गेले ते गेलेच. मुख्याध्यापिका बाईंनी आपल्याला बोलावून घेतलं. जूनपासून त्या मला त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायला घेणार होत्या, हे तुम्हाला माहीत होतं, सर. तुम्हीच माझं नाव सुचवलं होतंत. बाई विचारतात, “हे तपासलं कुणी?” मी तुमच्याकडे बघते. तुम्ही खिडकीकडे बघत म्हणता, “तपासणी हिच्याकडं होती, बाई.” शब्द न् शब्द खरा, आणि तरी याहून मोठं खोटं मी आजवर ऐकलेलं नाही. सरांच्या समोर सरांना खोटं पाडायचं कसं? जूनमध्ये माझ्या जागी दुसरी आली. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात, आणि मेलेल्या माणसाशी भांडायची सोय कुठे नसते. तुमच्या घरी सगळे रडत होते आणि मी कोपऱ्यात मुठी आवळून बसले होते. ती नोकरी मी कधीच विसरले असते. पण तुम्ही खिडकीकडे बघितलंत, ते जात नाही.

आज मी हेच काम करते, मोठ्या कंपनीत. कुठली आवृत्ती आत, कुठली बाहेर, हे मी ठरवते. परवा माझ्या हाताखालच्या एका बारक्या मुलीने मला अडवलं. “मॅडम, ही आवृत्ती इतक्यात नको.” मी ऐकलं नाही, आणि ती आवृत्ती पडली. आज मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, “कुणी तपासलं होतं?” मी म्हणाले, “तिने नको म्हटलं होतं. निर्णय माझा होता.” कुणी फासावर दिलं नाही. पाच मिनिटं ओरडा बसला, मग सगळे जेवायला गेले. एवढंच होतं, सर! एवढंच बोलायला हवं होतं तुम्ही!

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तुमच्या घरच्यांच्या हाती ते पडू देणार नाही. घरी आले आणि रागारागाने लिहायला बसले. मी तुमच्यासारखी नाही, हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. पण साहेबांनी विचारलं तेव्हा, तोंड उघडायच्या आधी, मी खिडकीकडे बघितलं होतं.