तळघरातली शिलाई मशीन

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे. खोकला फक्त कामावर असताना येतो. आईचे गुडघे कसे आहेत?

काल पाणी भरलेलं एक तळघर सुकवायला गेलो, तर दार उघडलं ते तुला घराबाहेर काढणाऱ्या तुझ्या नवऱ्याने! तोंडावर मास्क होता, म्हणून लेकाच्याने मला ओळखलं नाही. काय ठेवायचं, काय फेकायचं ते आम्हीच सांगतो. त्याचा लाडका सोफा चांगला कोरडा होता. म्हटलं, "बुरशी लागलीय, फेका." रडकुंडीला आला.

कोपऱ्यात तुझी शिलाई मशीन होती. चोरीला गेली म्हणाला होता ना? म्हटलं, "हीपण कामातून गेली, मी नेतो."

तेल घातलंय, झकास चालतेय. पाठवतो.

तुझा धाकटा

ता.क. मशीन भारी जड आहे गं. जिन्यावरून वर त्यालाच वाहायला लावली.