वन्संचं मत

४ मार्च
कायदा झाला! बायकांना मत! इतकी वर्षं उंबरे झिजवले, शिव्या खाल्ल्या, एकदा सडका टोमॅटोही — पाठीवर. सभेत सगळ्या रडल्या. मी नाही. घरी येऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, ते वेगळं.

हे म्हणाले, "वा! म्हणजे आता घरात माझी तीन मतं." वन्सं हसल्या. भावाच्या प्रत्येक विनोदाला हसतात.

२ मे
निवडणूक तोंडावर आली. आमच्या डॉक्टरीणबाई उभ्या आहेत. विरुद्ध तो बेकरीवाला. वन्संना विचारलं, मत कुणाला? "दादा सांगेल त्याला." अशी चिडले! "मत गुप्त असतं. भावालाच काय, कुणाच्या बापालाही सांगायचं नाही!" त्यांनी घाबरून मान डोलावली.

९ मे
वन्संची मतदानाची शिकवणी. शिक्का झकास मारला. पण घडी! त्यांचा उभा जन्म लाँड्रीत गेला. हातात कागद आला की त्याचा रुमालच होतो. चौपदरी घडी, वरून अंगठ्याचा दाब — ओली शाई दुसऱ्या नावावर! "मत बाद!" मी ओरडले. त्यांचे डोळे भरले. "माझ्याच्यानं नाही व्हायचं, वहिनी." जवळ घ्यावंसं वाटलं. नवा कागद पुढे सरकवला.

१० मे
पुन्हा रुमाल.

१३ मे
जमलं! फुंकर, जरा दम, मग एकच उभी घडी. स्वतःच टाळ्या वाजवल्या.

१६ मे
मतदान. वन्संनी ठेवणीतले कपडे काढले. आत किती वेळ! मी बाहेर जीव मुठीत धरून.
"घडी?"
"उभी. फुंकर मारून."
"आणि शिक्का?"
"ते नाही सांगायचं."
"अहो, मी आहे!"
"तुम्हीच म्हणालात ना — कुणाच्या बापालाही नाही."
घरी येईपर्यंत धुमसत होते. जेवताना त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू फुटलं. ह्यांना कारण सांगितलं नाही.

१९ मे
डॉक्टरीणबाई निवडून आल्या! धावत लाँड्रीत गेले. वन्सं इस्त्रीपाशी डोळे पुसत होत्या. आनंदाने, असंच वाटलं मला.
"आमचा पडला हो, वहिनी. गल्लीत नळ आणणार होता."
 मी बाजूची कपड्यांची चळत हलवून त्यांच्याजवळ बसले.
"रडायचं काय त्यात? पुढच्या खेपेला पाडा आमच्या बाईंना!"