सहा नंबरची खिडकी

सोमवार, ३ मार्च

वाचनालयापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे राष्ट्रीय ओळखपत्र सक्तीचं होणार. खात्याच्या प्रवक्त्याने दुपारी सव्वातीनला फोनवर दुजोरा दिला. मला नव्हे — नवीला!

ऑफिसात येऊन चार वर्षं झाली तरी तिला सगळे 'नवी'च म्हणतात. मी या कार्डावर सहा वर्षं स्तंभ लिहितोय. त्यात काय साठवतात, कोण बघतं, का बघतं... आणि पहिल्या पानावर नाव तिचं. संपादक म्हणाले, "तुम्ही यावर छानसं भाष्य लिहा." छानसं! म्हणजे नाटक तिचं आणि पडदा ओढायला मी.

लिहिलं. वेळेत दिलं. तिच्या बातमीचा उल्लेख तेवढा टाळला.

बुधवार, ५ मार्च

सकाळी पुस्तक बदलायला गेलो. ग्रंथपालाची आणि माझी वीस वर्षांची ओळख. म्हणतो, "कार्ड दाखवा."

"अरे, मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखतो हो. यंत्र ओळखत नाही."

आदेशाची प्रत मागितली. म्हणाला, "ती गोपनीय आहे."

म्हणजे मी कोणती कादंबरी नेतो ते सरकारला कळणार, पण ते कशाला कळायला हवं हे मला कळणार नाही. स्तंभाला सुरुवात मिळाली म्हणून खुशीत ऑफिसात आलो, तर नवीच्या टेबलावर तोच आदेश. सहीशिक्क्यासकट!

"कुठून आणलास?" सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मिळाला, सर." आणि हसली.

गुरुवार, ६ मार्च

'मिळाला, सर.' मला नाही कधी काही असं मिळत. आत कोणीतरी आहे तिचं. काका, मामा, कोणीतरी.

सोमवार, १० मार्च

काल हिचा भाऊ जेवायला आला होता. तो ओळखपत्र कार्यालयात सहा नंबरच्या खिडकीवर बसतो — नाव-पत्ता दुरुस्तीची खिडकी. नऊ वर्षं कंत्राटावर काढली, आता कायम व्हायची वेळ आलीय. ही स्वयंपाकघरात गेल्यावर त्याला हळूच विचारलं, एकीचं रेकॉर्ड उघडून बघशील का? घरचं कोण खात्यात आहे, एवढंच.

तो बघतच राहिला. "भावोजी, कोणी कोणाचं उघडू नये, असं तुम्हीच लिहिता ना?"

"बातमीचं काम आहे रे. दोन मिनिटांचं."

"तुम्ही म्हणताय म्हणून हां. ताईला बोलू नका."

मंगळवार, ११ मार्च

पावणेबाराला त्याचा फोन. वडील निवृत्त बसचालक. आई नाही. भाड्याची खोली, दोनदा पत्ता बदललेला.

"एवढंच?"

"एवढंच, भावोजी. फोटोत जरा भेदरलेली दिसते."

काका-मामांचा रकानाच नसतो म्हणे कार्डात. हे आधी सुचू नये!

लाज वाटली. पण निराशा त्याहून जास्त झाली, हेही इथे लिहून ठेवतो.

बुधवार, १९ मार्च

कळलं ती कुठे जाते! आज तिच्या मागोमाग गेलो — या वयात!

खात्याच्या मागच्या इमारतीत एक खोली आहे. दर बुधवारी दोन ते चार तिथे फायली खुल्या ठेवाव्या लागतात, कायदाच आहे तसा. कोणीही यावं, वाचावं, हवी तर शिक्क्याची प्रत घ्यावी. एक पंखा, एक टेबल, एक पेंगणारा कारकून. नवी खाली मान घालून वहीत उतरवत होती. ती गेल्यावर कारकुनाला विचारलं. म्हणाला, "या बाईंशिवाय इथे कुत्रं फिरकत नाही, साहेब."

या खोलीवर पाच वर्षांपूर्वी मी स्तंभ लिहिला होता. 'पारदर्शकतेचा देखावा'. खूप गाजला. खोलीत पाऊलही न टाकता लिहिला होता. आज फाइल उघडली. देखावाच आहे — निम्म्या ओळींवर काळी शाई. पण उरलेल्या निम्म्या ती वाचते.

वाटलं होतं, खरं कळलं की पोटातली आग शमेल. उलट भडकली. वशिल्याने मिळवलं असतं तर सहन झालं असतं.

मंगळवार, २५ मार्च

आपलं रेकॉर्ड कोणी, कधी, कोणत्या खिडकीवरून उघडलं, हे आता कोणालाही अर्ज करून विचारता येणार. मागच्या तीन महिन्यांपर्यंतचं. माझी सहा वर्षांची मागणी! संपादकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नवीने टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, तेच तर जास्त लागलं.

"सर, नमुना म्हणून पहिला अर्ज मी माझाच टाकते."

गच्चीवर जाऊन मेव्हण्याला फोन केला. ती नोंद पुसता येते का?

म्हणाला, "पुसता येऊ नये, हे तुम्हीच छापलं होतंत, भावोजी. त्यांनी ऐकलं."

मी गच्चीचं दार ओढून घेतलं.

"कायम होणाऱ्यांची यादी सोमवारी लागतेय," म्हणाला आणि फोन ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, २७ मार्च

स्तंभ दिला नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. हिने कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही," म्हणाली.

शुक्रवार, २८ मार्च

उत्तर आलं. नवीने कागद आणून माझ्यासमोर ठेवला. ११ मार्च, अकरा चाळीस, खिडकी सहा. कारणाचा रकाना कोरा. "मी त्या दिवशी तिकडे फिरकलेही नव्हते, सर. कोणी बघितलं असेल?"

चार वर्षांत पहिल्यांदा बातमी तिच्याआधी माझ्याकडे आहे. दुजोरा द्यायलाही मीच.

सोमवारी दहाला ती त्या खिडकीवर जाणार आहे. "तुम्ही बरोबर असाल तर ते टाळाटाळ करणार नाहीत," म्हणाली. येतो म्हटलंय.