दाबाखाली ठेवलेलं बोट

१२ जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

मालकांनी बाइंडिंगखान्यात माझ्या खुर्चीवर तुला बसवलं, हे वाचून आनंद झाला असं लिहिणार होतो. पण रोज देवासमोर बसणाऱ्याने खोटं का लिहावं? पोटात दुखलं.

कागद कापायच्या पात्याने तुटलेलं टेंडन, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, शिवून तीन आठवडे झाले. व्यायामाच्या बाई सांगतात, दर तासाला दुसऱ्या हाताने बोट हलकेच वाकवा, नाहीतर दोरी आजूबाजूला चिकटेल. मी हलवत नाही. खळ लावलेलं पुस्तक दाबाखाली असताना आपण उघडून बघतो का? तुझी वहिनी रागावते. माझ्या दाभणाला हात लावू नकोस.

आशीर्वाद मात्र मनापासून आहेत.

दादा

१९ जून

ती. दादांस, सा. न. वि. वि.

आधी हसलो, मग घाबरलो. दाबातून काढलेलं पुस्तक तुम्ही तसंच गिऱ्हाइकाला देता का? इकडून चार पानं, तिकडून चार पानं उघडत पाठ मोकळी करायची, हे मला कोणी शिकवलं? बाई तेच सांगताहेत. आजच त्यांच्याकडे जा. जोर लावू नका, त्या म्हणतील तेवढंच करा.

पोटदुखीचं म्हणाल, तर मालक माझं काम उलटसुलट बघून म्हणतात, थोरल्याच्या हाताची सर नाही. वीस वर्षं ऐकतोय. दाभण तुमचाच वापरतोय.

रागवा, पण पत्र धाडा.

तुमचा धाकटा

२७ जुलै

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

दोरी चिकटलीच होती. बाईंनी वाकवलं की बोट वाकायचं, मी वाकवायला गेलो की अर्ध्यावर अडायचं. डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने व्यायाम करा. नाही सुटलं तर पुन्हा कापून मोकळं करावं लागेल. आता एक तास चुकवत नाही. थोडं थोडं सुटतंय.

खळीचं कारण मलाही खरं वाटत होतं. पण काल प्रार्थनेला बसलो आणि लाज वाटली. बोट बरं होऊन मी परतलो असतो आणि मालकांना तरीही तुझंच काम आवडलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? आखडलेल्या बोटाआड माझं थोरलेपण सुखरूप राहणार होतं.

मी येईन तेव्हा खुर्ची सोडू नकोस, शेजारी स्टूल ठेव. शिलाईची शेवटची गाठ पुस्तकाच्या पाठीच्या आत कशी लपवायची, ते मी तुला मुद्दामच कधी दाखवलं नाही. बोट वाको न वाको, आल्या दिवशी दाखवतो.

जमलं तर माया कमी करू नकोस.

दादा