घळीत घेतलेलं नाव

१७ नोव्हें. १९३४, शनि.
उद्या आवळीभोजन. लग्न होऊन त्र्यंबकला आले तरी ते जिथं असतं ती डोंगरामागची घळ अजून पाहिली नाही. पण मला खरी ओढ पुढच्या रविवारची. दादा नाशकाहून न्यायला येणार, मग माहेरी राहून राहिलेलं मॅट्रिक. मामंजी हो म्हणालेत. सा.बाई नुसत्या "बघू" म्हणतात. ह्यांनी लग्नात शब्द दिलाय, म्हणून धीर आहे.

१९, सोम.
काल लिहिणं झालं नाही. घसा अजून बसलेला.
घळ सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. दोन्हीकडे काळे कडे, तळाशी पाणी, वर आभाळ परकराच्या नाडीएवढं. पण आत गेलं की जीव घुसमटतो. जेवणं झाल्यावर हे एकटेच खाली डोह बघायला उतरले. मामंजी सामान घेऊन बैलगाडीकडे. अंधारून आलं तरी ह्यांचा पत्ता नाही.
सा.बाई "बाळ, बाळ" ओरडल्या. ह्यांना आजोबांचं नाव ठेवलंय, म्हणजे सा.बाईंच्या सासऱ्यांचं. त्या कसं घेणार? मी "अहो" करून घसा फोडला. आणखी बिऱ्हाडं आलेली. कुणाकुणाचं "अहो" आणि "बाळ" घळीत नुसतं घुमत होतं. शेवटी सा.बाईच रडत म्हणाल्या, "तू घे गं नाव. काय व्हायचं ते होवो."
घेतलं. चांगलं खणखणीत. खालून ओ आली. आवाजाच्या रोखानं हे चढून आले, पाय मुरगळलेला, ओलेचिंब. म्हणाले, "हाका ऐकत होतो, वाटलं दुसऱ्या कुणाच्या."

२१, बुध.
ह्यांना हुडहुडी भरून ताप. सा.बाई शेजारणीला सांगत होत्या, "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. हिनं तर डोंगरभर पुकारा केला." घ्यायला सांगितलं कुणी, असं अगदी तोंडावर आलं होतं. चूल फुंकत बसले.

२३, शुक्र.
ताप उतरला, मी मात्र अडकले. सा.बाई नवस बोलून बसल्यात, मी सोळा सोमवार करायचे, तेही इथंच. तोवर माहेर नाही. म्हणजे मार्च उजाडणार, आणि परीक्षाच मार्चात.
मामंजी म्हणतात, "बायकांच्या व्रतात मी पडत नाही." ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. नाव घेतलं नसतं तर आज कुठं असता?
"आईचं मन मोडवत नाही गं." आणि भिंतीकडे तोंड.
इतका राग आला की रडू फुटलं. घळ परवडली, तिला वर यायला वाट तरी होती.

२५, रवि.
दादा आला. माझी ट्रंक भरलेलीच. सा.बाईंनी व्रताचं सांगितलं. मुलीकडचा माणूस, तो काय बोलणार? "बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणून उठला. हे झोपाळ्यावर, मान खाली.
मी माजघराच्या दारात आले आणि ह्यांना नावानं हाक मारली. मामंजींदेखत, दादादेखत. घळीत मारली होती तशीच.
कोठीच्या खोलीत येऊन हे लिहितेय. टांगा अजून दारात आहे, घोड्याचे घुंगरू ऐकू येतात. झोपाळा थांबलाय. ह्यांनी अजून ओ दिलेली नाही.