कोपऱ्यावरचा गाळा

मारुंजी, शुक्रवार, मार्च २००७

पार्किंगच्या इमारतीच्या नकाशात मी रस्त्याच्या बाजूनं दुकानं काढली होती. कोपऱ्यावरचा गाळा जमीनमालक तात्यांच्या पिठाच्या गिरणीला. त्या बोलीवरच त्यांनी जमीन दिली. आज साइटवर बघते तर कोपऱ्यातून गाड्यांचा रॅम्प चढतोय आणि गिरणी मागं, जिन्याखाली! माझ्या भागीदारानं, सुहासनं, मला न विचारता नकाशा बदलला. वर तात्यांना सांगितलं, मॅडमनीच बदलला. मी?

"तात्या, मला खरंच माहीत नव्हतं."

ते कोपऱ्याकडंच बघत राहिले. "आसंल. पर गिरणीचा नारळ हितं तुमच्याच हातनं फोडून घेतला व्हता आमी."

तो नारळ. "तुझा मान आहे," म्हणत सुहासनंच माझ्या हातात दिला होता.